कच्चा नकाशा

ट्रक मागे घेताना त्याच्या मागे उभं राहून, हात हलवत 'येऊ दे, येऊ दे' म्हणणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने नेमका कोण असतो, हा प्रश्न टेपसाहेबांना वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षापर्यंत कधी पडला नव्हता. तो कोणालाच पडत नाही. ट्रक मागे येऊ लागला की रस्त्यावरचा कोणताही रिकामा पुरुष त्याच्या मागे जाऊन उभा राहतो आणि हात हलवू लागतो. त्याला ना पगार असतो, ना परवाना. ट्रक नीट लागला तर श्रेय चालकाचं आणि नाही लागला तर तो माणूस गर्दीत विरघळून जातो, अशी त्या धंद्याची पूर्वापार रीत आहे. टेपसाहेब विरघळले नाहीत. आपण नेमके कुठे उभे होतो ते त्यांनी पोलिसांना नकाशा काढून दाखवलं. पुढचं सगळं त्रांगडं त्यातून झालं.

टेपसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते पाणीपुरवठा खात्यात आरेखक होते, म्हणजे जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढत, आणि मोजायची टेप त्यांच्या खिशात कायम असे, रविवारीसुद्धा. एकतीस वर्षांत त्यांच्या नकाशावर विसंबून खणलेला एकही खड्डा चुकीच्या जागी निघाला नव्हता. खड्डे चुकीच्या वेळी निघत, पण ते दुसरं खातं.

तर हे टेपसाहेब घर बदलत होते. खरं तर चार हमाल आणि एक टेम्पो एवढ्यावर भागलं असतं. पण त्यांना एक मेहुणा होता. लहानपणी सहलीत त्याने दहा मिनिटं एका बोटीचं सुकाणू धरलं होतं, तेव्हापासून सगळे त्याला कॅप्टन म्हणत आणि तोही स्वतःला तसाच समजे.

"हमाल-बिमाल कशाला, भाऊजी?" कॅप्टन म्हणाला. "हल्ली ट्रक भाड्याने मिळतो. आपणच चालवायचा. परवाना आहे माझ्याकडे."

"आहे, पण कधी वापरलायस?"

"न वापरल्यानेच तर नवाकोरा राहिलाय!"

या उत्तरावर त्यांनी तिथल्या तिथे सावध व्हायला हवं होतं. पण विनाशकाले विपरीत बुद्धी.

सामानात मोलाच्या गोष्टी दोनच होत्या: बायकोचं शिलाई मशीन आणि कापलेल्या कापडाचं एक मोठं गाठोडं. सहा वर्षं शेजाऱ्यांच्या पँटी आखूड आणि पडदे लांब करून झाल्यावर तिला पहिल्यांदा मोठं काम मिळालं होतं. एका इस्पितळातल्या परिचारिकांचे चाळीस गणवेश, पुढच्या सोमवारी सकाळी दहाला हवे होते. हे नीट झाले तर दर वर्षीचं काम तिच्याकडे येणार होतं. कापड बेतून, कापून तयार होतं, फक्त शिवायचं बाकी होतं. "मशीन सगळ्यात शेवटी चढवा, म्हणजे पहिल्यांदा उतरेल," एवढं एकच तिने सांगितलं होतं, आणि ते सगळ्यांनी ऐकलं होतं. बाकी कोणाचं कोणी ऐकलं नाही. ट्रकवाल्या कंपनीचा व्यवस्थापक 'टपावर काही बांधू नका' म्हणाला होता. टेपसाहेबांनी टपावर लाकडी शिडी बांधली. आत मावत नव्हती, हे त्यांनी मोजून पाहिलं होतं.

रविवारी सकाळी अकरा वाजता ट्रक नव्या इमारतीच्या गल्लीत मागे घेण्याचा प्रसंग आला. गल्लीच्या टोकाला चष्म्याचं दुकान होतं, आणि त्यावर आठ फूट रुंदीचा पत्र्याचा चष्मा पाटी म्हणून लावलेला होता. टेपसाहेबांनी टेप काढली. ट्रकच्या बंपरपासून दुकानाच्या भिंतीपर्यंत अंतर अकरा फूट चार इंच भरलं. ते बाजूला सरकून उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "येऊ दे!"

दहा फूट, येऊ दे. आठ फूट, येऊ दे. सहा फूट, बिनधास्त येऊ दे. आता, शिडी टपावरून मागे तीन फूट बाहेर आलेली होती आणि पत्र्याचा चष्मा भिंतीपासून दोन फूट पुढे होता. तीन आणि दोन पाच, हे पहिलीतल्या पोरालाही येतं. पण टेपसाहेबांचं सगळं आयुष्य जमिनीखालच्या गोष्टी मोजण्यात गेलेलं, त्यांचं लक्ष खाली. "साडेचार फूट, येऊ दे!" असं ते म्हणाले तेव्हा वर काहीतरी कडाडलं, आणि तो आठ फुटी चष्मा दुकानाच्या काचेच्या कपाटात उडी घेतल्यासारखा जाऊन पडला.

दुकानदार बाहेर आला. भला माणूस होता, पण त्याच्या करंगळीला काच लागून रक्त आलं होतं. तेवढ्या एका थेंबाने घात केला. नुसती काच फुटली असती तर चार शब्द इकडचे, चार तिकडचे, आणि मिटलं असतं. रक्त आलं म्हणजे दुखापत, दुखापत म्हणजे पोलीस.

हवालदार आला, तोही शांत स्वभावाचा. त्याने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि वहीचं कोरं पान पुढे करून विचारलं, "इथे एक कच्चा नकाशा जोडावा लागतो. माझ्या हाताला वळण नाही. कोणाला येतो का काढता?"

एकतीस वर्षांत टेपसाहेबांना हा प्रश्न इतक्या आदराने कोणी विचारला नव्हता. ते उपड्या बादलीवर बसले आणि पन्नास मिनिटं उठले नाहीत. मध्ये त्यांनी तीनदा गल्ली मोजली, एकदा दुकानदाराला बाजूला व्हायला सांगितलं, आणि हवालदाराकडून पेन्सिलीला टोक करून घेतलं. नकाशा झाला तेव्हा गर्दीतल्या दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. उत्तर दिशा होती, प्रमाण होतं, आणि खाली खुलासा होता: अ म्हणजे ट्रक, ब म्हणजे शिडी, क म्हणजे दुकान आणि ड म्हणजे 'ट्रक मागे घेण्याच्या सूचना देणारी व्यक्ती (प्रस्तुत आरेखक)'. ड पासून ब पर्यंत एक तुटक रेषाही होती.

माणसं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतात, पण धोंड्याचं मोजमाप सहसा देत नाहीत.

ट्रक जप्त झाला. सगळा संसार त्यात होता, तोही जप्त झाला. ट्रकच्या दाराला लाखेची मोहोर लागली आणि तो पोलीस ठाण्यामागच्या आवारात, एका चाक नसलेल्या रिक्षाच्या शेजारी जाऊन उभा राहिला. टेपसाहेब आणि त्यांची बायको नव्या घरात शिरली तेव्हा त्यांच्याकडे एक किल्ली, एक पर्स आणि एक टेप एवढंच होतं. कॅप्टन आपल्या घरी गेला. त्याचं घर सामानासकट जागच्या जागी होतं.

शेजारच्या काकांनी दोन चटया, एक तांब्या आणि सल्ला दिला. चटया दोनच होत्या, सल्ला अखंड मिळत राहिला. काका कोर्टात बेलिफ म्हणून निवृत्त झाले होते.

"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये," काका म्हणाले. "मी अठ्ठावीस वर्षं रोज चढलो, बघा माझ्याकडे." टेपसाहेबांनी बघितलं, आणि काकांनी लगेच आपल्या वकील पुतण्याचा पत्ता लिहून दिला.

सोमवारी टेपसाहेब आधी ट्रकवाल्या कंपनीत गेले. व्यवस्थापकाने कराराचं चौथं पान काढून पुढे सरकवलं. परवानाधारक चालकाच्या चुकीने अपघात झाला तर विमा लागू. मात्र परवाना नसलेल्या माणसाच्या सूचनेवरून ट्रक हलवताना झाला, तर लागू नाही. "तुमच्याकडे परवाना?" त्याने विचारलं. टेपसाहेब सायकलवाले होते. "मग विमा लागू झाल्याशिवाय आम्ही ट्रक सोडवायला येणार नाही. आमचे अजून सहा ट्रक आहेत," व्यवस्थापक म्हणाला, आणि त्याने चहा मात्र आग्रहाने पाजला. हल्ली माणसं नकार फार गोड देतात.

मंगळवारी वकील. त्यांची खोली एका बेकरीच्या वर होती. अशिलाच्या खुर्चीचा एक पाय आखूड होता आणि त्याखाली कायद्याचं पुस्तक दिलेलं होतं, तरीही खुर्ची डुगडुगत होती. पोलिसांकडून आणलेली नकाशाची नक्कल वकिलांनी टेबलावर पसरली आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बोट फिरवत पाहिली.

"बावीस वर्षं अपघाताच्या केसेस करतोय," ते शेवटी म्हणाले, "पण असा सुंदर नकाशा मी पाहिला नाही."

टेपसाहेबांना त्या सगळ्या दिवसांत तेवढं एक क्षणभर बरं वाटलं.

"आणि असा घातकही पाहिला नाही. तुम्ही यात स्वतःला कशाला दाखवलंत?"

"मी तिथे होतो म्हणून."

"दुकानदार होता, गर्दी होती, एक कुत्रं होतं. त्यांना कुठे दाखवलंय? बरं, ही तुटक रेषा कसली?"

"दृष्टिरेषा. मी जिथे उभा होतो तिथून शिडी दिसत होती."

"दिसत होती?"

"दिसत होती. लक्षात नाही आली."

वकिलांनी चष्मा काढून डोळे चोळले. मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि इतकं सोपं करून सांगितलं की नाही कळलं म्हणायची सोय राहिली नाही. कोण काय ओरडलं ते कोणाच्या लक्षात नाही. टेपसाहेबांच्या विरुद्ध पुरावा एकच, आणि तो त्यांच्याच हातचा. तेव्हा त्यांनी पोलीस ठाण्यात जाऊन नकाशाखाली एक ओळ लिहायची: 'सदर नकाशा अंदाजे काढला असून त्यातील मापे व जागा विश्वसनीय नाहीत.' झालं. नकाशा रद्दी. मग उरतो परवाना असलेला चालक आणि त्याची चूक, विमा लागू, कंपनी दुपारच्या आत ट्रक सोडवणार, सामान घरी.

"टाका की माझ्या नावावर, भाऊजी," सोबत आलेला कॅप्टन म्हणाला. "मला काय फरक पडतो? माझ्या चुका म्हटलं की कोणाला नवल वाटत नाही."

"पण तो नकाशा अंदाजे नाहीये," टेपसाहेब म्हणाले.

"अहो, ते आपल्या तिघांना माहितीये!" वकील म्हणाले.

टेपसाहेब उठले. एकतीस वर्षांत त्यांनी नकाशावर 'अंदाजे' हा शब्द एकदाही लिहिला नव्हता, आणि ज्यांनी लिहिला त्यांच्याशी ते जेवणाच्या सुट्टीत बोलत नसत. त्यांनी नम्रपणे सांगितलं की ट्रक राहू द्या, मी माझं सामान तेवढं वेगळं सोडवून घेतो, त्यासाठी काय करावं लागतं?

त्यासाठी सामानाची यादी द्यावी लागते. यादीप्रमाणे पंचनामा होतो आणि माल मिळतो. शहाणा माणूस यादीत 'घरगुती सामान' असं लिहून मोकळा झाला असता. टेपसाहेबांनी बुधवारचा दिवस चटईवर पालथं पडून दोनशे चौदा वस्तू लिहिल्या. त्यात 'उशा चार (पैकी एक चपटी)' होतं, आणि अठ्ठ्याण्णवव्या क्रमांकाला 'मोठे चमचे अकरा (मूळ संच बाराचा, एक गहाळ)' असं होतं. हवालदाराने यादी हातात घेतली, वजन केल्यासारखी खालीवर केली आणि सुस्कारा सोडला. एवढं लिहून दिलं म्हणजे एवढं मोजणं आलं.

गुरुवारी दुपारपर्यंत मोजणी नीट चालली होती. मशीन दारातच दिसत होतं, गाठोडंही. टेपसाहेबांनी कॅप्टनला टेम्पो बोलवायला सांगितलं. तेवढ्यात हवालदार आतून म्हणाला, "चमचे बारा भरतात."

"सापडला वाटतं!" टेपसाहेब खुशीत म्हणाले. तीन वर्षं हरवलेला चमचा होता तो.

"यादीत अकरा, माल बारा. हा बारावा कुणाचा?"

"आमचाच."

"तुमचा तर गहाळ आहे. तुम्हीच लिहिलंय."

"तोच हा. सापडला."

"कुठे सापडला?"

"इथेच की, ट्रकमध्ये."

"म्हणजे ट्रकमध्ये यादीबाहेरचा माल आहे," हवालदार दुःखाने म्हणाला. त्याची खरंच इच्छा नव्हती.

"असं करा, तो चमचा राहू द्या तुमच्याकडे. बाकीचं द्या."

"ठेवून घेतला तर तो बेवारस होतो. बेवारस मालाची वही वेगळी. ती साहेबांच्या कपाटात असते आणि साहेब मंगळवारपर्यंत रजेवर आहेत." त्याने दार लोटलं आणि नवीन लाख तापवायला घेतली.

टेपसाहेब आवारात त्या मोडक्या रिक्षात जाऊन बसले. आपण आयुष्यात कोणाचं काय वाईट केलं, असा प्रश्न सज्जन माणसाला अशा वेळी पडतो. उत्तर मिळत नाही, कारण त्याने कोणाचं काही वाईट केलेलं नसतं. तो फक्त नीट मोजतो.

बातमी इमारतभर झाली. काकांनी चमचा मूळचा काकूंचा होता असं प्रतिज्ञापत्र करायची तयारी दाखवली. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी दुकानदाराच्या बायकोशी बोलून पाहिलं आणि येताना नवीन चष्म्याचा नंबर काढून आल्या. वकिलांचा निरोप आला की मार्ग एकच आहे, एक ओळीचा, आणि शनिवारी बारानंतर तोही बंद.

बायको काहीच बोलत नव्हती, हे सगळ्यांत वाईट होतं. तिने आदळआपट केली असती तर टेपसाहेबांनी ती पुरुषासारखी सहन केली असती. पण शिवायला काही नाही म्हणून ती शुक्रवारी सकाळी काकूंच्या उशांचे अभ्रे हातशिलाईने दुरुस्त करत बसली होती. खिडकीखाली मशीनची जागा तिने खडूने आखून ठेवली होती, ती ओलांडून ये-जा करत होती, तिच्यावर पाय देत नव्हती.

"एक ओळच ना?" तिने मान वर न करता विचारलं.

तेव्हा टेपसाहेबांनी तिला सविस्तर सांगितलं. नकाशा खोटा निघाला की कुदळ कशी मुख्य नळावर बसते, भर दुपारी पाणी कसं उसळतं, आणि म्हणून जो माणूस एकदा 'अंदाजे' म्हणाला त्याच्या आधीच्या सगळ्या नकाशांवरचा विश्वास कसा उडतो. बराच वेळ सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं."

ते 'बरं' टेपसाहेबांना दिवसभर पुरलं. दुपारी ते ऑफिसात गेले आणि नकाशाच्या टेबलासमोर नुसते बसून राहिले. चाळीस बायका नवीन गणवेश घालून इस्पितळात हिंडतायत आणि ते आपल्या बायकोने शिवलेले नाहीत, एवढंच त्यांच्या डोळ्यांसमोर येत होतं. सहा वर्षं तिने लोकांच्या पँटी आखूड केल्या. कधी हे हवं, ते हवं म्हणाली नाही. आणि आपण तिला नळाचं व्याख्यान दिलं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

शनिवारी ती झोपलेली असतानाच ते सात वाजता घराबाहेर पडले. आपण काय करायला चाललोय हे तिला तोंडावर सांगायची हिंमत त्यांच्यात नव्हती. ठाण्याच्या बाकावर ते तीन तास बसले. दहाला हवालदार आला. त्याने न विचारताच नकाशा काढून समोर ठेवला आणि पेन दिलं.

टेपसाहेबांनी नकाशा पाहिला. खरोखर चांगला उतरला होता. त्यांनी त्याच्याखाली, पट्टी न लावता, लिहिलं: 'सदर नकाशा अंदाजे काढला असून त्यातील मापे व जागा विश्वसनीय नाहीत.' सही केली. हवालदाराने शिक्का उचलला आणि तो नेमका उत्तर दिशेच्या बाणावर मारला. टेपसाहेबांना रडू आलं. पण पोलीस ठाण्यात रडणाऱ्या माणसाला लोक भलतंच समजतात, म्हणून त्यांनी नाक शिंकरलं.

"साहेब, मनाला लावून घेऊ नका," हवालदार हळूच म्हणाला. "मला ठाऊक आहे तो बरोबर होता ते."

यामुळे जास्तच वाईट वाटलं.

बाकी मात्र वकिलांनी सांगितल्याप्रमाणे अगदी घड्याळासारखं झालं. साडेअकराला कंपनीचा व्यवस्थापक कागद घेऊन आला, साडेबाराला लाख फुटली, चमच्याचं नाव कोणी काढलं नाही. टेपसाहेब कंपनीच्या चालकाशेजारी बसले आणि हिशोब करू लागले. एका गणवेशाला पन्नास मिनिटं, चाळीस गणवेशांना तेहतीस तास वीस मिनिटं. दुपारचे दोन धरले तर सोमवारी सकाळी दहापर्यंत चव्वेचाळीस तास. काज-बटणं आपण करू, कॅप्टनला इस्त्रीला बसवू. जमतंय! आठवडाभरात पहिल्यांदा त्यांच्या अंगात जीव आला. गल्लीत ट्रक थांबायच्या आत त्यांनी उडी मारली, मागचं दार उघडलं आणि ते गाठोडं स्वतःच्या छातीशी कवटाळून दोन मजले चढून गेले.

दारात बायको उभी होती. तिच्या शेजारी डोक्यावर हेल्मेट घातलेला एक अनोळखी माणूस होता.

"आणलंत? बरं झालं," ती म्हणाली. तिने गाठोडं त्यांच्या हातातून घेतलं, गाठ एकदा ओढून पाहिली आणि त्या माणसाच्या हातात दिलं. "सगळं आहे बरं का. बाह्या वेगळ्या बांधल्यात, शिंपीदादांना सांगा." तो माणूस नमस्कार करून जिना उतरू लागला.

"हा कोण?" टेपसाहेबांनी विचारलं. त्यांना अजून धाप लागलेली होती.

"इस्पितळाकडून आलाय, कापड कधी सुटेल ते विचारायला. काम दुसऱ्या शिंप्याकडे गेलं. तिथल्या मुख्य बाईंना काल संध्याकाळपर्यंत काय ते नक्की हवं होतं. मग मी नाही म्हणून कळवून टाकलं."

"काल?"

"सकाळी सांगणारच होते, तर तुम्ही मला न उठवताच गेलात. अहो, एका ओळीपायी तुमचा जीव कसा खालीवर होतोय, मला का दिसत नव्हतं? म्हटलं, ऑर्डर गेली तर गेली. पण माझ्यापायी ह्यांना तिथे जाऊन आपलंच काम खोटं म्हणायला लागू नये." तिने पदराने त्यांच्या कपाळावरचा घाम टिपला. तिचे डोळे सुजलेले होते, पण ती हसत होती. "आणि बघा, नाही लिहून दिलंत तरी सोडावाच लागला ना त्यांना ट्रक?"

डोक्यावर खुर्ची घेऊन जिना चढणारा कॅप्टन पायरीवर थबकला. "ताई, अगं..." त्याने सुरुवात केली. मग त्याने भाऊजींच्या तोंडाकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तो गप्प बसला. खुर्ची घेऊन भिंतीच्या कडेने आत गेला.

काका आवाज ऐकून बाहेर आले होते. "ह्यांचं हे असंच आहे, काका," ती त्यांना सांगू लागली, आणि टेपसाहेबांनी तिचा आवाज इतका अभिमानाने भरलेला लग्नानंतर कधी ऐकला नव्हता. "जीव गेला तरी एक रेघ इकडची तिकडे करणार नाहीत. बरोबर ना हो?"

खाली गल्लीत स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला.

"बरोबर," टेपसाहेब म्हणाले.